वेणीआडचा काळा डाग

"मॅडम, पाठीत सुई घातली तर पोरगी लुळी पडती म्हनं?"

रेणुकाच्या आईने माझा हात घट्ट धरला होता. संगमनेरच्या एका हॉस्पिटलात मी मुलांची डॉक्टर. नऊ वर्षांची रेणुका आठवडाभर तापाने फणफणत होती, आता ग्लानीत गेली होती. मान वाकवली की कळवळायची. म्हणजे मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाला सूज.

"नाही पडत, ताई. पण सुईने पाठीतलं पाणी काढून तपासल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं ते कळणार नाही."

ही सूज आणणारे जंतू वेगवेगळे, औषधंही वेगळी. नेहमीच्या बॅक्टेरियांमुळे पाठीच्या कण्यातलं पाणी गढूळ होतं, त्यातली साखर फार घटते. व्हायरस असेल तर पाणी स्वच्छ, साखर बहुधा ठीक. टीबीतही पाणी स्वच्छच दिसतं, पण साखर कमी आणि प्रोटीन जास्त.

रेणुकाचं पाणी स्वच्छ. साखर थोडी कमी. प्रोटीन जास्त.

"टीबी," आमचे सीनियर सर म्हणाले. "आजच औषधं सुरू कर. उशीर झाला तर मेंदू जाईल."

त्यांची भीती खरी होती. पण टीबीची औषधं म्हणजे वर्षभराचा कोर्स. आणि मला काहीतरी खटकत होतं.

"सर, प्लेटलेट्स कमी आहेत. लिव्हरला सूज आहे. स्क्रब टायफस असेल तर?"

हा ताप गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून येतो. त्यात प्लेटलेट्स घटतात, लिव्हर सुजतं आणि कण्यातलं पाणीही टीबीसारखं दिसू शकतं. चावा घेतलेल्या जागी कधीकधी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

"मग खपली दाखव. दुपारपर्यंत थांबतो."

सिस्टर आणि मी शोधायला लागलो. काख, जांघ, बेंबी, पाठ. काहीच नाही. शेवटी वेण्या सोडल्या. डाव्या कानामागे, केसांच्या कडेला, विडीचा चटका बसावा तसा काळा गोल डाग!

"सर! सापडली!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं बाळ रडायला लागलं.

"त्ये व्हय?" आई म्हणाली. "गोचीड चावलं असंल. आमी डोंगराकडं गवत आनायला गेल्तो."

सरांनी वाकून डाग पाहिला. "स्क्रबचं औषध, डॉक्सी, सुरू कर. ताप नाही उतरला तर टीबीची औषधं. तेव्हा वाद नको."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. माझा विश्वास बसेना, मी थर्मामीटर बदलून पुन्हा पाहिलं. त्यानंतरच्या सकाळी रेणुका उठून बसली आणि सलाइन काढा म्हणून सिस्टरशी भांडली. इतकं गोड भांडण मी ऐकलं नव्हतं! स्क्रब टायफसचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तेव्हा ती घरी पोचलीसुद्धा होती.

आता तापाचं मूल आलं की रिपोर्ट उघडण्याआधी मी केस विंचरून बघते. आईबापांना वाटतं, मॅडम उवा शोधतात. वाटू दे.