जाळ्याच्या भोकाचा आकार
तीन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या सोमवारी, पनवेलच्या खाडीकाठच्या बालवाडीत एका कोळ्याच्या पाच वर्षांच्या पोरीवर अन्याय झाला, आणि तो मी, तिथल्या ताईनेच, केला. मासळीबाजारात ओल्या जाळ्याचा वास आला की तो दिवस आठवतो. पत्र्याखाली उकडत होतं. पहिलीत जाणाऱ्या पोरांना आकार ओळखता येतात का, हे बघायला मी डब्याचं झाकण, पाटी, समोसा आणि जाळ्याचा तुकडा मांडला होता. तिच्या वाट्याला जाळं आलं. मी एका भोकावर बोट ठेवलं. माझ्या कागदावर उत्तर होतं, चौरस. ती म्हणाली, “नेहमी चौरस नसतो ताई, तुमी ओढा ना.” मी ओढलं. भोक पतंगासारखं झालं, आणखी ओढल्यावर मिटून नुसती रेघ उरली. “आता कुठं हाय चौरस?” पोरं खिदळली. मी गोंधळले, आणि गोंधळ झाकायला तिच्या मूल्यमापनाच्या कागदावर शेरा मारला, ‘आकार ओळखता येत नाहीत’. तो कागद शाळेत गेला आणि पहिलीत तिला ‘कच्च्या’ मुलांच्या बाकावर बसवलं. तिची आई दारात येऊन म्हणाली, “ताई, पोर जाल्यावर झोपून मोठी झाली. तिला जालं कळत नाय?” त्या भोकाचा खरा आकार कोणता, हे मला आजही सांगता येत नाही, तरी माझा शेरा तिच्या कागदावर तसाच आहे. तुमच्या मुलाचा असा कागद आजच शाळेतून मागून घ्या, आणि ‘येत नाही’ हे कोणी, कशावरून लिहिलं, ते विचारा.