वार्निश मारलेले दोन दिवे

साडेदहा वाजले होते आणि आठातले दोन दिवे पेटत नव्हते.

अकराला संस्थेची तपासणी कमिटी येणार होती. मी बुलडाण्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्याकडचा मोटर वाइंडिंगचा, म्हणजे मोटरीत तारा गुंडाळण्याचा, वर्ग बंद होत होता, आणि तो शिकवणारे रफीकभाई त्याच्यासोबत घरी जाणार होते. मी प्रिन्सिपॉल सरांशी भांडभांड भांडले. शेवटी ते म्हणाले, "कमिटीसमोर तुमच्या लॅबचं काम त्यांनी करून दाखवलं तर ठेवतो. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

काम तसं सोपं. ब्रेडबोर्ड म्हणजे छिद्राछिद्रांची प्लास्टिकची पट्टी. एका ओळीतली पाच छिद्रं आतून जोडलेली असतात. तार नुसती खोचायची, सोल्डर लागत नाही. आठ एलईडी, प्रत्येकाला एक रेझिस्टर, आणि तारा तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला. प्रोग्राम चालवला की दिवे एकामागून एक पेटतात. देऊळघाटहून रोज मोटरसायकलवर येणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस महिनाभर चष्मा वरखाली करत हे शिकला होता. काल संध्याकाळी आठही दिवे पेटले होते.

आज सहावा आणि सातवा ढिम्म.

आधी प्रोग्राम पाहिला. पिनचे नंबर बरोबर. एलईडी बदलले, तरी तेच.

"रफीकभाई, काल मी गेल्यावर कशाला हात लावला का?"

"नाही मॅडम. दोन तारा ढिल्या वाटल्या, त्या जरा पक्क्या केल्या."

"पक्क्या म्हणजे?"

"वार्निश मारलं."

मी कपाळावर हात मारला. मोटरच्या तारा हलू नयेत, शॉर्ट होऊ नयेत, म्हणून वाइंडिंगवर वार्निश मारतात. त्यातून करंट जातच नाही!

"अहो, तुम्हाला हे मी सांगायचं?"

"मले माहीत हाय ना!" त्यांचा चेहरा उतरला. "पन मोटरीतला जोड आधी पिळून घट्ट केलेला असते. इथं नुसता खोचेल. वार्निश आत उतरलं असन. हाताले सवय हाय हो, मॅडम."

तेवढ्यात दार उघडलं. प्रिन्सिपॉल सर आणि कमिटीचे तिघं आत आले. पुढच्या साहेबांची नजर नेमकी त्या दोन दिव्यांवर गेली.

"हे दोन काऊन बंद?"

"पार्ट खराब आला, सर," मी पटकन म्हणाले. चक्क खोटं. माझे कान तापले.

"नाही साहेब." रफीकभाई पुढे झाले. "पार्ट चांगला हाय. चूक माही हाय."

संपलं, मला वाटलं. सर माझ्याकडे असे बघत होते की मान वर करवेना. रफीकभाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्या हातातला मीटर घेतला. करंटला वाट असली की हा मीटर शिटी वाजवतो. पाचव्या तारेवर वाजला. सहावीवर गप्प.

"पाहा साहेब, मधात माहं वार्निश."

दोन्ही तारा उपटल्या, टोकं ब्लेडनं खरवडली आणि आपापल्या ओळीतल्या शेजारच्या छिद्रात खोचली. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागलं ते मिनिट मला जाता जाईना. पहिला पेटला, दुसरा पेटला. पाचवा. सहावा. सातवा! आठवा.

साहेबांनी विचारलं, "पोरांले असा फॉल्ट शोधता येते?"

"अजून नाही," मी म्हणाले. या वेळी खरं बोलले.

"मग यांच्याकडून शिकवून घ्या."

रफीकभाई राहिले. माझं 'पार्ट खराब' साहेबांनी मान्य केलं असतं, तर दोन बंद दिव्यांवरच त्यांची नोकरी संपली असती, आणि मी मात्र त्यांची बाजू सांभाळली या समाधानात घरी गेले असते.

तो बोर्ड अजून लॅबमध्ये आहे. नवीन बॅच आली की रफीकभाई मुद्दाम दोन तारा वार्निशमध्ये बुडवून खोचतात आणि विचारतात, "सांगा रे, काऊन पेटून नाही राह्यला?" तास संपला की वार्निशचा डबा मी परत घेते. तो माझ्या कपाटात असतो, कुलपात.