हात बरा झाल्यावरचा खेळ

आगाशीहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून चुरींची वाडी आहे. दुपारची भांडी आवरली की विमला चुरी टीव्हीसमोर स्टूल ओढतात, पदर कमरेला खोचतात आणि गाडी चालवायला घेतात. गाडी लाल आहे आणि ती फक्त पडद्यावर धावते. विमलाताईंचं वय एकसष्ट. खरी गाडी त्यांनी कधी चालवलेली नाही आणि चालवायची इच्छाही नाही. "खऱ्या रस्त्यावर कुणाला धडकता येत नाही," असं त्या म्हणतात.

त्यांचं काम सुकेळ्यांचं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, वाडीतल्या बांबूच्या मांडवावर उन्हात वाळत घालायची आणि ऊन उतरायच्या आत टोपल्यांत भरून घरात घ्यायची. मांडवावर राहिली तर दव पडतं, केळी काळी पडतात, आंबतात. नीट वाळली की केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीने आवळायची. हे आवळणं उजव्या अंगठ्याचं काम आहे. चुरींच्या घरात ते विमलाताईंशिवाय कुणाला जमत नाही.

गेल्या श्रावणात विहिरीच्या धक्क्यावर पाय घसरला आणि तोच हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं मिटत नव्हती. विरारच्या फिजिओथेरपिस्ट क्लारा लोपीस यांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला. काही दिवस तो हातात दिसला. मग कांद्याच्या टोपलीत सापडला.

तो सापडला सून भाविकाला. नवऱ्याचा, म्हणजे धवलचा, कॉलेजातला गेमचा डबा कपाटात धूळ खात पडला होता. तिने तो टीव्हीला जोडला आणि त्याचा रिमोट सासूच्या हातात दिला. "आई, चेंडू दाबायचा कंटाळा येतो ना? मग हे दाबा."

पहिल्या शर्यतीत विमलाताई उलट्या दिशेने गेल्या. "समोरून येणारे सगळे मलाच धडकत होते आणि मी त्यांनाच शिव्या घालत होते," त्या सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून स्टूल ओढलं.

दसऱ्याच्या सुमाराला अंगठा वळायला लागला. दिवाळीत त्यांनी सुकेळ्यांचा पहिला पुडा बांधला. सैल बांधला म्हणून सोडला आणि पुन्हा बांधला. क्लारा लोपीस मोजून बोलतात. "गेममुळे हात बरा झाला असं मी लिहून देणार नाही. व्यायामाने झाला. पण बाकीच्या पेशंटना व्यायाम करा म्हणून ओरडावं लागतं. ह्यांना आता पुरे म्हणून ओरडावं लागलं."

दरम्यान विमलाताईंना एक प्रतिस्पर्धीही मिळाला होता. धवलचा मित्र फ्लॉईड वसईला घरूनच काम करतो. दुपारच्या सुट्टीत, कधी संध्याकाळीही, तो इंटरनेटवरून शर्यतीत उतरतो आणि दोघे कानाला हेडफोन लावून भांडतात.

"मावशी, ब्रेक नावाची एक गोष्ट असते."

"ती तुझ्यासाठी आहे. मागे राहणाऱ्यांना लागते."

एकसष्टाव्या वर्षी नवा माणूस ओळखीचा होणं, आणि त्याने आपल्याशी लग्नकार्य किंवा गुडघेदुखी सोडून भलत्याच विषयावर बोलणं, हे विमलाताईंच्या आयुष्यात बऱ्याच काळाने घडत होतं. घरातली चिडचिडही कमी झाली, असं भाविका सांगते. सासरे आत्माराम चुरी यांना हे मान्य नाही.

आत्माराम यांचा सुरुवातीला विरोध नव्हता. त्यांच्या थोरल्या बहीण आशालता घरी आल्या आणि "या वयात हे काय चाललंय?" म्हणाल्या, तेव्हा आत्माराम यांनीच सांगितलं, "डॉक्टरणीचं आहे ते. हातासाठी." औषध म्हणून खेळ घरात बसला. हात बरा झाल्यावर त्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. आत्माराम यांनी ते एकट्याने ठरवलं. पुडे भराभर बांधले जायला लागल्यावर ते म्हणाले, "झाला ना हात? आता बस्स." विमलाताईंनी ऐकलं आणि शर्यत पुरी केली.

पौषात त्यांच्या हातून चूक झाली. एका संध्याकाळी फ्लॉईड पुढे होता, त्या मागे होत्या, आणि ऊन उतरलं तरी मांडव तसाच राहिला. लक्षात आलं तेव्हा केळ्यांना हात लावला तर गार आणि ओलसर. पूर्ण खेप गेली. विमलाताईंनी सबब सांगितली नाही. ती केळी त्यांनी स्वतः शेजारच्या म्हशीला घातली.

आत्माराम यांनी मुलाला शिडी आणायला लावली. गेमचा डबा माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता. आत्माराम चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. विमलाताई आतून आल्या आणि त्यांनी टीव्हीची वायर भिंतीतून काढली.

"धवल, शिडी आण. हा पण वर ठेव."

"अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"गेल्या वर्षी मॅच बघता बघता मांडव कुणाकडून राहिला होता? मी दोनदा हाक मारली होती. तेव्हा टीव्ही कुणी माळ्यावर टाकला?"

"तो सामना होता!"

"मग मी काय आरती करत होते?"

धवल हसला. आत्माराम यांनी शेवटचा मुद्दा काढला. "तुझा हात बरा झालाय. आता तुला कशाला हवंय ते?"

"तुमचा कुठला हात मोडलाय, मॅच बघायला?"

धवलने शिडी आणली, पण टीव्ही वर चढवला नाही. डबा खाली उतरवला. सामन्याची पहिली षटकं त्या दिवशी चुरींच्या घरात कुणी पाहिली नाहीत.

माघात आशालता पुन्हा आल्या. वहिनी स्टुलावर, कानाला हेडफोन. भाविकाने सवयीने सांभाळून घेतलं, "आत्या, ते हाताच्या व्यायामाचं..."

विमलाताईंनी एक कान मोकळा केला. "नाही वन्सं. हात कधीच बरा झाला. मला आवडतं म्हणून खेळते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मागे आहेत. पुढे फक्त फ्लॉईड आहे. त्याला गाठू दे, मग चहा टाकते."

आशालतांनी भावाकडे पाहिलं. आत्माराम दारात उभे राहून बाहेरचं ऊन बघत होते. ते मांडवावरून निघून वाडीच्या कुंपणाशी आलं होतं.

"उन्हं उतरली गं," ते म्हणाले.

"माहीत आहे. टोपल्या मागच्या दाराशी आहेत. तुम्ही सुरुवात करा."

आत्माराम यांनी चपला घातल्या आणि टोपल्या उचलल्या.