वारुळातलं दही

खाल्लेलं भांडं धुऊन ठेवावं, हे वळण मला माझ्या आईनं लावलं. त्याच वळणापायी मी शेजारच्या गेनाताईचं घर बुडवलं. ती बकरीला पाला घालायला गेली होती आणि मी तिच्या स्वयंपाकघरात भुकेला बसलो होतो. फ्रिजमध्ये छोट्या बरणीत चार चमचे दही दिसलं. खाल्लं. बरणी घासली, पुसली, उपडी घातली आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

ते विरजण होतं. तिच्या सासूच्या हातचं, रोज थोडं मागं ठेवून इतकी वर्षं जगवलेलं.

गेनाताई म्हणजे आमच्या रोदोपीच्या डोंगरातली एकमेव बाई, जी टोमॅटोच्या वाफ्यात उभी राहून ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे सांगते. मुलीनं स्पेनहून जुना फोन पाठवला, तेव्हापासून जगातलं सगळं विज्ञान हिच्या एप्रनच्या खिशात. पावाच्या रांगेत ही म्हणणार, "वोम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो." दुकानवाली म्हणणार, "गेना, आधी पाव घे बाई, मग त्याच्या लेंड्या."

गाव म्हणायचं, म्हातारीला फोनचा नाद लागलाय. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा नवरा रादको बोलत नाही, भिंतीकडे बघत बसतो. घरात माणसं दोन आणि बोलायचं एकीनंच, तर तिनं विषय आणायचे कुठून?

फक्त सकाळी, दह्याचा पहिला चमचा तोंडात गेला की रादको एक शब्द बोलायचा. "गेना." दिवसाचा तेवढाच. त्यावर ती उरलेला दिवस रेटायची.

दुसऱ्या सकाळी मी दुकानातलं दही घेऊन हजर. रादकोनं ते थुंकलं. मग तोंड उघडायचंच सोडलं. सूप नाही, पाव नाही. मी गावभर हिंडलो. गेनाताईनं आजवर ज्यांना ज्यांना विरजण दिलं होतं, त्या सगळ्यांच्या फ्रिजमध्ये आता तोच दुकानातला डबा.

"मेतोदी," ती म्हणाली, "एक चपटा किडा असतो. त्याचं डोकं कापलं तर नवं उगवतं. आणि नव्या डोक्याला जुना धडा आठवतो म्हणे."

"मग?"

"मग काय मग, गाढवा! रादकोचं तर डोकं जागच्या जागी आहे!"

 

ती फोनवर बोट सरकवत राहिली. डोळे सुजले, पण बोट थांबेना. आणि एकदम ताडकन उठली. शास्त्रज्ञांना म्हणे आढळलं होतं, कोमट दुधात रानातल्या चार जिवंत लाल मुंग्या टाकायच्या, बरणीला फडकं बांधून ती रात्रभर वारुळात पुरायची. दही लागतं!

"सासूबाई हेच सांगायच्या रे! पहिलं विरजण वारुळातून आणलं म्हणून. मी म्हणायचे, म्हातारी थापा मारते."

पाइनच्या रानात मी वारूळ उकरलं. मुंग्या माझ्या पँटमध्ये शिरल्या आणि मी नाचायला लागलो.

"चारच हव्यात," ती ओरडली, "आणि तुझ्या पँटमधल्या नकोत!"

एरवी ती हसून लोळली असती. आता तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी ती बरणी गुंडाळत होती.

सकाळी दही लागलेलं होतं. पातळसर, पण लागलेलं. लिंबाच्या सालीसारखा वास. तिनं ते गाळलं, थोडं बरणीत बाजूला ठेवलं आणि मला बजावलं, "ह्याला हात लावलास तर हात तोडीन." मग धुतलेला रुमाल डोक्याला बांधला. लग्नाला निघाल्यासारखी आरशात पाहून आली.

"तू बाहेर थांब. तुझं तोंड बघून त्याची भूक मरेल."

मी दाराशी उभा राहिलो. आतून चमच्याचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. कान देऊन ऐकलं, पण शब्द एकही आला नाही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातातला वाडगा चाटूनपुसून साफ. मला तर उडीच मारावीशी वाटली.

"ताई, सगळं संपवलं की त्यानं! जमलं!"

"भूक लागली होती त्याला."