मागच्या सीटवर बसून निवडलेली गाडी

हिल्ट्रूड थेलेन आमच्या गावची शाळेची बस चालवते. एकसष्ट वर्षांची, उंचीने माझ्याहूनही चार बोटं कमी, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतली मारामारी पुढूनच थांबते. जर्मनीतल्या आयफेलच्या या डोंगरात मला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली बावीस तिच्या शेजारी. आमचं कुंपण एकच. त्यामुळे हे मी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते तिने कुंपणावरून सांगितलेलं आहे.

तिचा नवरा एवाल्ड छपरांवर पाटीचे दगड बसवायचा. आयुष्य उतरत्या छपरावर काढलेलं, त्यामुळे खाली जमिनीवर कुणाचं ऐकायची सवय नाही. दर एप्रिलला मोटारसायकल बाहेर काढायची आणि ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी वळणांच्या रस्त्यांवर हिंडायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. तो पुढे, ती डबलसीट. मित्रांमध्ये तो तिला 'माझी पाठपिशवी' म्हणायचा. तीही हसायची. एकतीस वर्षांत गाड्या पाच झाल्या, पाचही त्याने निवडल्या, आणि मागे कसं वाटतं हे एकदाही विचारलं नाही.

मग त्याला काचबिंदू झाला. समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. त्याने मोटारसायकल विकली आणि त्या आठवड्यात अंगणातली फोडलेलीच लाकडं पुन्हा फोडत बसला. पुढे रविवारी खिडकीशी बसायचा आणि वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचा.

हिल्ट्रूडने कुणाला न सांगता मोटारसायकलचं लायसन्स काढलं. बस सोडली की दुपारी शिकायला जायची; आम्हाला वाटायचं, पाठीच्या मालिशला जाते. ऑक्टोबरात पास झाली त्या दिवशी जेवताना तिने ते कार्ड त्याच्या ताटाशी ठेवलं.

"हे काय?"

"यापुढे मी चालवणार. तू मागे बस."

"मी? मागे? लोक काय म्हणतील, एवाल्ड थेलेन बायकोच्या पाठीला लटकतो?"

"एकतीस वर्षं मी लटकले, तेव्हा काय म्हणाले लोक?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्याने आणखी बटाटे वाढून घेतले.

मार्चमध्ये ती गाडी बघायला निघाली. एवाल्ड येईना, म्हणून मला घेऊन गेली. दुकान फोल्करचं. आता चाळिशीचा आहे, पण लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायचा. एकदा त्याने बसमध्ये उलटी केली होती आणि तिने बादली-फडकं त्याच्याच हातात दिलं होतं. तिला 'नाही' म्हणणं त्याला अजूनही जमत नाही.

त्याने दोन गाड्या काढल्या. वळणांत चपळ आणि दिवसभराच्या लांब पल्ल्यालाही चालतील अशा, दोन्ही कामांच्या. एक करडी, एक निळी. करडी बुटकी आणि हलकी. निळी उंच, आणि वजनाला सव्वीस किलो जास्त.

"थेलेनबाई, करडीच घ्या," फोल्कर म्हणाला. "तुमचे दोन्ही पाय पूर्ण टेकतात. निळीवर नुसते चवडे."

ती करडीच्या मागच्या सीटवर चढून बसली.

"बाई, हँडल पुढे आहे."

"हँडल कुठे असतं ते मला ठाऊक आहे. तू पुढे बस आणि मला फिरवून आण."

"मी? तुम्हाला?"

"आणि एवाल्डसारखी चालव. म्हणजे वळणाच्या अगदी तोंडाशी ब्रेक, आणि आधी काही सांगायचं नाही."

फोल्कर कानापर्यंत लाल झाला, पण बसला. वीस मिनिटांनी परत आले. ती उतरली आणि कंबर धरून उभी राहिली. "गुडघे हनुवटीला लागतात. तू ब्रेक मारलास की मी तुझ्या पाठीवर. खड्डा आला की माकडहाड. आता निळी."

निळीवरून आली तेव्हा कंबर न धरता उतरली. मग म्हणाली, "हिच्यावर झोप लागेल मला."

"पण चालवणार तुम्ही ना, बाई? मागच्याचं काय एवढं?"

"जो कधी मागे बसला नाही, तोच असं विचारतो."

लग्नानंतर चार वर्षं मी सातारा ते कराड स्कूटरवर आडवी बसून केली आहेत. मला हसू आलं.

संध्याकाळी एवाल्डने दोन्ही गाड्यांची उंची, वजन, टाकी सगळं खोदून खोदून विचारलं. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कॉफी घेत होते.

"घ्यायचीच तर करडी घे," तो म्हणाला. "निळी तुला स्टँडवरून निघायची नाही."

"करडीवर तुला बसता येणार नाही."

"मी बसणारच नाहीये."

तेव्हा मला नीट कळलं की प्रश्न गाडीचा नाहीच. करडी घेतली की तिने एकटीने हिंडायचं आणि त्याने जन्मभर खिडकीशी बसायचं, हे ठरलं. निळी घेतली की त्याचं 'नाही' तिने मानलं नाही, हे ठरलं.

"उद्या फोल्करला निळी सांगते," ती म्हणाली.

"पाडशील."

"पाडली तर उचलीन. रोज पन्नास पोरं माझ्या मागे बसतात. एक तरी पाडलंय?"

"पोरांना दुसरा इलाज नाही."

"तुला तरी कुठे आहे?"

निळी आली. शाळेच्या रिकाम्या पटांगणात ती रोज शिकायची: थांबताना एका अंगाला सरकून एकच पाय टेकवायचा, आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते आधीच बघून ठेवायचं. दोनदा पाडली. दोन्ही वेळा गाडीकडे पाठ करून, सीटला ढुंगण लावून, पायांच्या जोराने उभी केली. मी मदतीला धावले तर म्हणाली, "हात लावू नकोस. रस्त्यात तू नसशील."

बेकरीत एकाने टोमणा मारलाच, "हिल्ट्रूड, शिडी बरोबर ठेव हो!"

"तूच ये ना शिडी धरायला. पोट आड येत नसेल तर."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी डोंगरावरच्या चॅपलपाशी सगळ्या मोटारसायकली जमतात आणि पाद्री त्यांच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडतात. आपण दसऱ्याला गाडीला हार घालतो, तसंच ते. मागणं एकच, गाडीवर गेलेलं माणूस घरी परत येऊ दे. मी दरवर्षी जाते आणि माझ्यापरीने हात जोडते. त्या वर्षी हिल्ट्रूड एकटीच आली. पाणी शिंपडताना पाद्रींनी विचारलं, "मागे कुणी नाही?"

"यायचाय अजून," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती फाटकातून निघत होती आणि एवाल्ड कुंपणाशी उभा होता. मी वाफ्यात पालक काढत होते.

"त्या चढावर तू तिसऱ्या गियरात असतेस," तो ओरडला. "दुसरा हवा! इथपर्यंत ऐकू येतं!"

"मला नाही ऐकू येत. डोक्यावर हेल्मेट आहे. काय सांगायचं ते मागे बसून सांग."

तिने इंजिन बंद केलं नाही. मग तो आत गेला आणि जुनं जाकीट, हेल्मेट घालून आला.

"फक्त गियर ऐकायला येतोय."

"हो, हो. गियर ऐकायला."

पुढचं दोघांनीही मला सांगितलं, आपापल्या परीने. चढ संपून तिसऱ्या वळणावर तिने गाडी डावीकडे झुकवली. एवाल्डला वाटलं, फार लवकर झुकवली. त्याने मागून अंग उजवीकडे टाकलं. गाडी सरळ झाली आणि रस्त्याच्या कडेकडे धावली. तिने कशीबशी आवरली, पुढच्या सपाट जागी नेली, एक पाय टेकवून उभी केली आणि म्हणाली, "उतर."

तो उतरला. "वळण चुकवलंस तू."

"मी नाही, तू चुकवलंस. मागे बसून गाडी चालवत होतास." आता तीही उतरली होती, आणि तिचा तो बसमधला आवाज लागला होता. "एकतीस वर्षं तू वळलास तशी मी वळले. तू ब्रेक मारलास की मी गुडघे आवळले. पाठीला मुंग्या आल्या तरी हलले नाही, तुझा तोल जाईल म्हणून. तुला वाटलं, पिशवी आहे, नुसती अडकवली की झालं. हे काम आहे, एवाल्ड. मला येतं, तुला येत नाही. शिकायचं असेल तर बस. नसेल तर घर नऊ किलोमीटरवर आहे, चालत जा."

दोन मोटारसायकलवाले रामराम केल्यासारखा हात वर करून बाजूने गेले. एवाल्डने ते दिसेनासे होईपर्यंत अख्खी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हल्ली त्याला तसंच बघावं लागतं. मग हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

"हात कुठे ठेवायचे?" त्याने विचारलं.

"आधी बस," हिल्ट्रूड म्हणाली. "मग सांगते."