हिरवा ठिपका

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या काकांनी तपासल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू पास होत नाही. चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते सुटे भाग तपासत. चांगल्यावर हिरवा ठिपका, दुरुस्तीच्या मालावर पिवळा, भंगारावर लाल. काका निवृत्त झाले, खिशातला हिरवा मार्कर झाला नाही. कलिंगडावर ठिपका, गॅस सिलिंडरवर ठिपका. सत्यनारायणाच्या कलशावरचा नारळही त्यांनी वाजवून पास केला, तोवर गुरुजी बिचारे पोथी मिटून बसले होते. जावयाच्या बुटावर ठिपका द्यायला मात्र त्यांनी दोन दिवाळ्या लावल्या.

मी त्यांना खूप हसायचे. मग गेल्या वर्षी माझंच मशीन बंद पडलं. नोकरी, मैत्रिणी, आंबे, कशाचीच ओढ वाटेना. पोहे की उपमा, एवढं ठरवतानाही रडू यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हा आळस नाही. 'हे कर, बरं वाटेल' असं सांगणारी मेंदूतली यंत्रणा मंदावली आहे. इच्छा होण्याची वाट न बघता छोटंसं काम करायचं आणि लगेच स्वतःला शाबासकी द्यायची. ती शाबासकीच मला जमेना. आई जिन्यात काकांजवळ हे सांगून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर. "दात घासलं का?" घासले होते, कसेबसे. त्यांनी चष्मा लावून खात्री केली आणि माझ्या अंगठ्याच्या नखावर हिरवा ठिपका दिला. मग रोजच सुरू झालं. आंघोळीला ठिपका, गॅलरीत पाच मिनिटं उभं राहण्याला ठिपका. नाश्त्याचा प्रश्नही त्यांनी निकालात काढला: सम तारखेला पोहे, विषमला उपमा.

एकदा मी म्हणाले, "काका, मी भंगारातच जमा आहे." ते पहिल्यांदाच चिडले. "भंगार ठरवायचा अधिकार तुला न्हाई. लाल मार्कर कंपनीत जमा करून आलोय मी. आता माज्याकडं हिरवाच हाय." त्या दुपारी कुणी न सांगता मी उठून चहा केला.

चार महिन्यांनी कामावर परत निघाले, तेव्हा जिन्यात काकांपुढे अंगठा धरला. "पास झालेला माल परत न्हाई तपासत," म्हणाले, आणि मार्कर माझ्या पर्समध्ये टाकला. वाईट सकाळ अजूनही येते. तेव्हा मी दात घासते आणि स्वतःच ठिपका देते.

परवा काका कलिंगड घेऊन आले. "तपास गं." मी वाजवून ठिपका दिला, मग त्यांचा हात धरून त्यांच्याही अंगठ्यावर दिला. काकू सांगत होत्या, दोन दिवस त्यांनी त्या अंगठ्याला साबण लागू दिला नाही.