चंपाबाईचं नवं तोंड

केनवडच्या आमच्या गल्लीत चंपाबाईला भ्यालेलं कुणी पाहिलं नव्हतं. साप निघाला की लोक आधी तिलाच हाक मारायचे. तीच बाई यंदा स्वतःच्या नवऱ्याला घाबरायला लागली.

भिवाजी तसे गरीब स्वभावाचे. गावच्या पाण्याच्या टाकीवर नोकरी केली, निवृत्त झाले आणि हळूहळू विसरू लागले. आधी चष्मा, मग पाहुण्यांची नावं, मग चंपाबाई. "हे बाई माह्या चंपेचं लुगडं नेसून घरात शिरली," असं मलाच सांगायचे. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, वाद घालू नका. सांगायला काय जातं! उशाशी विळा घेऊन झोपणाऱ्या माणसाशेजारी त्यांनी एकदा झोपून दाखवावं.

दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेली जुनी परदेशी मालिका लागायची. काळातून हिंडणारा एक म्हातारा. तेवढा वेळ भिवाजी शांत, म्हणून चंपाबाईही बघायची. एके दिवशी तो म्हातारा मरून पडला आणि उठला तो भलताच, तरणाताठा नट. सोबतचे लोक भेदरले. त्यांनी जुनं काहीबाही विचारलं, उत्तरं बरोबर आली, तेव्हा कुठे हा तोच, असं मानलं.

नंतर चंपाबाई वाळत घातलेली डाळ उचलायला अंगणात गेली आणि आतून कडी लागली. गॅसवर दूध होतं. तिच्या हाकेसरशी मी शेजारून धावले. खिडकीत भिवाजी, विळा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. ते तर आमच्याहून जास्त भ्यालेले होते.

"कोन हायेस तू?"

"तोंड बदललं माह्यं," चंपाबाई म्हणाली. "त्या टीवीतल्यावानी. पन मी चंपाच हावो. इचारा काईबी."

दूध उतू गेल्याचा वास आला. भिवाजींनी खिडकीतूनच विचारलं,

"लग्नात मी काय चुकलो?"

"बौद्धाचार्यांनी नवरीच्या प्रतिज्ञा सांगतल्या, त्याबी तुमीच म्हटल्या. सारा मांडव हासला."

कडी निघाली. तिने आधी गॅस बंद केला, मग विळा घेतला. भिवाजी तिचा चेहरा चाचपत राहिले.

"चंपे, पुन्हा तोंड बदललं तं आदी सांगत जाय. मले लय भेव लागते."

विळा आता माझ्या घरी आहे. भिवाजी रोज तेच विचारतात आणि तिला आत घेतात. तरी दाराशी आली की चंपाबाई थबकते.

"उत्तर मले पाठ हाये," परवा मला म्हणाली. "पन थे सवालच इसरले तं?"